वेशीपाशी थांबलेली मुलगी

कंधारच्या किल्ल्यात जो दरवाजा नाही, तो दाखवायला मी एका बाईंना जपानहून बोलावून घेतलं.

चूक एवढीच. बाकीचं सगळं तिचं शेपूट. ते कंधारपासून माहूरपर्यंत आणि माहूरपासून पार कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत लांबलं, त्याला मी काय करणार?

बाईंचं नाव मिनामोरी. त्या तिकडे चित्रकथा काढतात. त्या प्रकाराला मंगा म्हणतात, आणि तिकडे तो पोरांबरोबर आजोबाही वाचतात. मी लातूरला फ्लेक्सचं दुकान चालवतो. चौकाचौकांत हात जोडून हसणारे जे चेहरे तुम्ही बघता, त्यांच्या सुरकुत्या आणि दुसऱ्या हनुवट्या खोडणं हा माझा धंदा. व्हायचं होतं चित्रकार. त्यासाठी हैदराबादला प्रवेशपरीक्षा दिली, नापास झालो आणि येताना फुटपाथवरून मिनामोरीबाईंचं एक जुनं इंग्रजी पुस्तक उचलून आणलं. आपल्या सवयीने डावीकडून वाचलं. त्यात एक मेलेला राजा उठून बसतो, दिवसेंदिवस तरणा होत जातो आणि शेवटी पाळण्यात जाऊन झोपतो. काय डोकं आहे बाईचं, म्हणून मी आठ दिवस भारावून गेलो. मग कुणीतरी सांगितलं की ही पुस्तकं उजवीकडून वाचायची असतात.

पण तोवर मी सायोच्या नादी लागलो होतो. सायो ही त्या कथेतली पोर. तिचं गाव वादळात नाहीसं होतं आणि तिच्या हातात उरते ती फक्त गावच्या देवळातली घंटा. ती नेऊन परत जागेवर टांगायची, एवढंच तिचं काम. अडचण अशी की गाव कुठं होतं तेच तिला आठवत नाही. मग ती राज्यांमागून राज्यं तुडवते. तरंगणारे डोंगर, आठवणी तोलून विकणारे बाजार, मीठ खाऊन गाणारे पक्षी. प्रत्येक गावात वाटतं, हेच ते. घंटा वाजवते, कुणी ओळखत नाही, पुढे चालू लागते. बाईंनी तिला जवळजवळ तीस वर्षं चालवली. शेवटच्या पानावर सायो एका मोठ्या दगडी दरवाज्यापुढे येऊन उभी राहते. आत अंधार. तिने घंटा छातीशी धरलेली.

त्यानंतर पान नाही. वर्षांमागून वर्षं गेली, बाईंनी रेघ ओढली नाही.

तो दगडी दरवाजा माझा होता. म्हणजे फोटो माझा. मला वेशींचे, दरवाज्यांचे फोटो काढायचं खूळ आहे. आमचं गाव भूकंपातलं. नंतर सरकारने ते उचलून दोन कोसांवर ठेवलं. घरं मिळाली, नंबर मिळाले, सरळ रेषेतले रस्ते मिळाले. वेस मिळाली नाही. वेस हवी असं कुणाला मागायलाच सुचलं नाही. नव्या गावात माणूस नक्की कुठून आत शिरतो ते मला अजून कळलेलं नाही, एकदम आपण आत असतो. म्हणून मी दुसऱ्यांच्या वेशी बघत हिंडतो, फोटो काढतो आणि नेटवर टाकतो. त्यातला एक बाईंच्या हाताखालच्या कुणालातरी दिसला. वापरू का, म्हणून विचारणा आली. कुठला आहे, हेही विचारलं. मी अल्बममध्ये वरवर बघितलं आणि ऐटीत लिहून टाकलं, 'किल्ला कंधार, जिल्हा नांदेड.'

आणि यंदा हिवाळ्यात बाईंचा निरोप आला. दरवाज्यापलीकडे काय आहे ते बघायचं आहे. बघितल्याशिवाय पुढचं पान निघणार नाही.

कंधार

माझी भाची गौरी पुण्यात जपानी शिकली, तिथंच एका कंपनीत दुभाषी आहे. तिला रजा टाकायला लावली. गाडी नांदेडच्या हबीबभाईंची. बाई साठी उलटलेल्या, अंगाने चिमणीएवढ्या, उजव्या मनगटाला कापडी पट्टा. स्टेशनवर उतरल्या त्या कमरेत वाकून. मीही वाकलो. त्या पुन्हा वाकल्या. मी पुन्हा. गौरी म्हणाली, "मामा, शेवटी कुणीतरी थांबायचं असतं. थांबा आता."

गाडीत हबीबभाईंनी सायोचं पुस्तक हातात घेतलं आणि सरळ उजवीकडून उघडलं. मी थक्क. "तुम्हाला कसं माहीत?"

"उर्दू मीडियम हाय ना सायेब," ते म्हणाले. "तुमी उल्टा वाचले की काय?"

मी खिडकीबाहेर कापूस बघू लागलो.

किल्ला बघून बाई हरखल्या. खंदकात पाणी होतं, त्यावर शेवाळ, शेवाळावर बगळे. बाईंनी पिशवीतून माझ्या फोटोची प्रत काढली आणि एकेका दरवाज्यापुढे धरून उभ्या राहू लागल्या. पहिला दरवाजा. नाही. दुसरा. नाही. तिसऱ्यापाशी त्यांनी भिंतीवरून तळवा फिरवला, जसा आपण गुराच्या पाठीवरून फिरवतो तसा, आणि गौरीला काहीतरी म्हणाल्या.

"त्या म्हणतात, हे दगड दुसऱ्या हाताने बसवलेत."

"त्यांना म्हणावं, मध्यंतरी दुरुस्ती झाली असेल."

"मामा, फोटोत कमानीवर दोन मोर आहेत. इथं मोर नाहीत."

"उडून गेले असतील म्हण."

"हे मी नाही सांगणार," गौरी म्हणाली. आणि तिने दुसरंच काहीतरी सांगितलं असावं, कारण बाई माझ्याकडे बघून पुन्हा वाकल्या. मला ते सगळ्यांत जास्त लागलं. रागावलेल्या माणसापुढे बचाव करता येतो. वाकलेल्या बाईपुढे काय करायचं?

दुपारी हबीबभाईंनी वाट वाकडी करून त्यांच्या बहिणीकडे जेवायला नेलं. तहारीचा भात होता, वाफाळता, पिवळा, वर तळलेला कांदा. बाई चमचा बाजूला ठेवून हाताने जेवल्या. त्यांच्याकडे भाताची वाटी उचलून तोंडाशी नेतात, आपल्याकडे तोंड ताटाशी नेतात. मधे कुठंतरी दोन्ही लोकांची गाठ पडावी तसा बाईंचा घास निम्म्यात सांडत होता. हबीबभाईंच्या बहिणीने दुसऱ्यांदा वाढताना विचारलंच नाही. बाईंनी गौरीला विचारलं, नको म्हणायला इथं कोणता शब्द आहे? गौरी म्हणाली, शब्द आहे, उपयोग नाही.

माहूर

अल्बममध्ये त्या फोटोच्या अलीकडे माहूरचे फोटो होते. म्हणून मी जाहीर केलं की दरवाजा माहूरगडाचा आहे, शंभर टक्के. हिमायतनगर मागे टाकलं आणि जंगल लागलं, सागाची मोठमोठी वाळकी पानं रस्त्यावर गाडीपुढे पळत होती. बाई काच खाली करून बघत राहिल्या. गडाचे दरवाजे बघितले. आता सांगायला नकोच. मोर नव्हते.

तिथवर आलोच होतो म्हणून रेणुकेला गेलो. पायऱ्यांवर मी तीनदा बसलो, बाई एकदाही नाही. वर देवीसाठी विडा कुटतात. पानं, सुपारी, कात, सगळं खलात घालून एकजीव करायचं आणि तोच प्रसाद. एक बाई कुटत बसल्या होत्या. मिनामोरीबाईंनी खुणेने विचारलं, मी कुटू? त्यांनी बत्ता दिला. पट्ट्याच्या हाताने बाईंनी चार ठोके मारले आणि हात थांबला. मग डाव्या हाताने कुटायला लागल्या. कुटताना बोलायला लागल्या, गौरी मला सांगत गेली.

बाईंचं गाव उत्तरेकडे, बर्फातलं. वडिलांची सफरचंदाची बाग. एकोणिसाव्या वर्षी त्या चित्रं काढायला टोकियोला निघाल्या तेव्हा वडील म्हणाले, गेलीस तर गेलीस. तिकडे एका मोठ्या चित्रकाराच्या हाताखाली लागल्या. तिथली रीत अशी, की माणसं काढायची मालकाने. हाताखालच्यांनी फक्त मागचं काढायचं. भिंती, दगड, झाडं, गर्दीतली डोकी, पाऊस. नऊ वर्षं बाईंनी मागचं काढलं. एक चेहरा काढायची परवानगी नव्हती.

"म्हणून दगड ओळखतात," मी म्हणालो.

"मामा, मधे बोलू नका."

मग स्वतःची पहिली कथा सुरू झाली. तिकडे साप्ताहिकात वाचक मत देतात. कथा खाली घसरली की बंद. बाईंची बंद पडली. संपादक म्हणाले, तुमच्या भिंती बोलतात, माणसं मात्र भिंतीसारखी उभी असतात. त्यानंतर सायो. सायो चालली. आई गावातल्या दुकानातून दर महिन्याला तो अंक आणायची, हे त्यांना दुकानदाराकडून कळलं, आईकडून कधीच नाही. घरी जायचं जायचं म्हणत राहिल्या. दर महिन्याला पानं द्यायची असायची. पुढच्या महिन्यात जाऊ. एकदा पानांवर शाई चढवत असताना गावाहून फोन आला. बाहेरच्या खोलीत संपादक पानांसाठी बसून होते. बाईंनी पानं पुरी केली आणि निघाल्या. पोचल्या तेव्हा आईचं सगळं उरकलं होतं.

ती पानं म्हणजे सायो दरवाज्यापुढे येते तीच.

बत्त्याचा आवाज थांबला होता. कुटणाऱ्या बाईंनी खलातला विडा बोटाने काढून मिनामोरीबाईंच्या तळव्यावर ठेवला आणि खा म्हणून मान हलवली. बाईंनी खाल्ला. डोळ्यांत पाणी आलं. कातामुळेही येतं.

मी खाली उतरताना पहिल्यांदा घाबरलो. तोवर मला वाटत होतं की दरवाजा सापडला नाही तर माझी लाज जाईल. लाज काय, रोजच जाते. पण बाईंचं परत जाणं दोन दिवसांवर आलं होतं, आणि त्या रिकाम्या हाताने गेल्या तर ती पोर जन्मभर तिथंच उभी राहणार होती.

शेवटी जे पहिल्यांदा करायला हवं होतं ते केलं. बायकोला फोन लावला. फोटो पाठवला.

सुरेखा म्हणाली, "ही होय? ही होनगुंडीची वेस."

"कुठली होनगुंडी?"

"देगलूरच्या पुढं, उदगीरच्या वाटेवर. लग्नाहून येताना गाडी पंक्चर झाली होती बघा. तुम्ही मला पैठणीवर रस्त्यात उन्हात उभी केली आणि वेशीचे फोटो काढत बसलात. मी कशी विसरेन?"

"आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत? कंधारला निघालो म्हणालात. मला वाटलं, कंधारला निघालात."

होनगुंडी

देगलूर मागे पडलं की माणसांच्या बोलण्यात बदल होतो. चहाच्या टपरीवर एकाच वाक्यात मराठी, तेलुगू आणि कानडी शिरतात आणि कुणी कुणाला अडवत नाही. तुरीच्या शेंगा भरल्या होत्या. काळ्या रानातून रस्ता वळला आणि बाईंनी हबीबभाईंच्या खांद्यावर हात ठेवला. गाडी थांबली.

दोन मोर. कमान. तीच.

मला नाचावंसं वाटलं. पण पुढे जाऊन बघतो तर वेशीला डावी-उजवीकडे भिंतच नाही. तट केव्हाच पडलेला, दगड लोकांनी घरांना नेलेले. रानात एखादी चौकट उभी करून ठेवावी तशी ती वेस एकटी. गावाचा सिमेंटचा रस्ता तिला टाळून बाजूने जातो. त्या रस्त्याने एक ट्रॅक्टर गेला, दोन शेळ्या गेल्या. मीही गेलो. वेशीमागे कडब्याची गंजी, हातपंप, दोन घरं आणि त्यांतल्या एकावर डिशची छत्री. फोटोतला तो गूढ अंधार म्हणजे कमानीची सावली होती.

बाई वेशीला एक फेरी मारून परत समोर येऊन उभ्या राहिल्या. मी सडकेने परत त्यांच्यापाशी आलो.

"त्या म्हणतात," गौरी हळू आवाजात म्हणाली, "नऊ वर्षं मागचं काढायला शिकले. इथं मागं काहीच नाही."

मी म्हणालो, "चहा घेतील का विचार."

बाई कमानीकडे निघाल्या. पाऊल आत टाकणार, तेवढ्यात आतून आवाज आला.

"ए बाई! थांब, थांब!"

कमानीच्या आत दोन्ही बाजूंना बसायचे दगडी ओटे होते. डावीकडच्या ओट्यावर एक म्हातारी शेंगा सोलत होती. कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. ही नागम्मा. ती टोपलं बाजूला सारून उठली.

"यार मनी? कुनाच्या घरला आलीस?"

गौरीने सांगितलं, आज्जी, या पाहुण्या आहेत, जपानच्या, वेस बघायला आल्या आहेत.

"बघ की. कोन नगं म्हंतंय? शिरू नगं म्हंते मी. बघायचं तर सडकंनं ये. ह्या मोट्या सायबासारखं." मोठा साहेब म्हणजे मी. मी तोवर चहा शोधत पुन्हा सडकेने गावात शिरलो होतो आणि नागम्माच्या मागे उभा होतो.

मग तिने सांगितलं ते असं. ट्रॅक्टर, बैल, मत मागायला येणारे, जावई, सगळे सडकेने. वेशीतून फक्त बाई येते, तीही दोनच वेळा. लग्न होऊन सून म्हणून, नाहीतर माहेराला लेक म्हणून. आणि कुणी आपल्या पायाने शिरत नाही. लेकीने यायचं आणि बाहेर उभं राहायचं. आतून घरचं माणूस येणार, बोलावणार, मग पाऊल टाकायचं.

"आमची लेक शांता एकदा पावसात उबी ऱ्हायली. बाप रानात. मी म्हनलं ये गं, मी बोलावते. न्हाई म्हनली. बाप येईपतूर भिजून राहिली. लई हट्टी."

गौरी सांगत होती आणि बाई कमानीच्या बाहेर अगदी सरळ उभ्या राहून ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं. गौरीने ते मराठीत करताना खाली बघितलं.

"आज्जी, त्या विचारतात, बोलावणारं घरात कुणी उरलंच नसेल तर?"

"शेजारचं येतंय."

"शेजारीही नसेल?"

"मंग आनी कोनी येतंय. गावात धा मानसं असत्यात."

"आणि कुणीच आलं नाही तर?"

नागम्माने तिच्याकडे अशी नजर टाकली की गौरी एक पाऊल मागे सरकली. "असं कसं व्हईल? बाई येऊन उबी हाय आन् कोन बोलवत न्हाई? मंग ते गाव हाय का मसनवटा?"

हे ऐकलं आणि माझ्यातला कलावंत जागा झाला. इतकी वर्षं मी सायोसाठी थांबलोय. हीच वेळ. मी म्हटलं, मी बोलावतो! आणि मागून पळत येऊन वेशीत उभा राहिलो, दोन्ही हात पसरले, फ्लेक्सवरच्या पुढाऱ्यासारखे, आणि ओरडलो, "या, या, मिनामोरीबाई!"

"अगं बाई, हे कोन येडं!" नागम्माने शेंगांचं टोपलंच माझ्यावर उगारलं. "तू कुनाचा? तुला कोनी बोलवलंय?"

खरंच. मला कुणी बोलावलं होतं? पंपावर आलेल्या दोन बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. एक म्हणाली, "आज्जे, ऱ्हाऊ दे, सून म्हनून आलाय त्यो." मला वेशीतून उलटं बाहेर काढण्यात आलं आणि हबीबभाईंच्या शेजारी, गाडीला टेकून उभं राहायची शिक्षा झाली. बाई हसत होत्या. चार दिवसांत पहिल्यांदा, तोंडावर हात ठेवून, डोळे मिटून.

हसणं थांबल्यावर त्या जागच्या हलल्या नाहीत. नागम्माने कमरेवर हात ठेवून त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग गौरीला विचारलं, "हिला माहेर हाय का?"

गौरीने बाईंना विचारलं नाही. "नाही," म्हणाली.

"नाव काय म्हनलीस?"

"मिनामोरी."

"मीना." नागम्मा वळली आणि घरात गेली. बराच वेळ आली नाही. शेळ्या परत आल्या. मी पुढे सरकायला लागलो तर हबीबभाईंनी माझा शर्ट मागून धरून ठेवला. "नक्को सायेब. तुमी इथंच बरे."

नागम्मा आली ती लुगडं बदलून. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. वेशीच्या आत मधोमध उभी राहिली. भाकरी बाईंवरून ओवाळली आणि लांब फेकली, पाणी डावी-उजवीकडे ओतलं. आणि हाक मारली. ही हाक आमच्या गावात मी लहानपणी ऐकलेली, घरातून रस्त्यापर्यंत जाणारी.

"बर्री, मीना! ये. लई उशीर केलास गं."

गौरीने ते जपानीत सांगितलं. बाईंनी तिला पुन्हा सांगायला लावलं. मग तिसऱ्यांदा.

बाईंनी बूट काढले. नागम्मा म्हणाली, देऊळ न्हाई बाई, राहू दे पायात. पण बाईंच्या देशात घरात शिरताना बूट काढतात. त्यांनी ते एका हातात धरले, दुसरा हात छातीशी घेतला, आणि मोरांखालून आत गेल्या.

मला आत बोलावलं नाही. मी बाहेरून बघितलं. नागम्माने त्यांना ओट्यावर बसवलं, पुढ्यात शेंगा ठेवल्या, पाठीवर हात फिरवत कानडीत काहीबाही विचारत राहिली, आणि त्या जपानीत उत्तर देत राहिल्या. गौरी मधे नव्हती, ती हातपंपावर तोंड धुवायला गेली होती. नंतर बाईंनी पिशवीतून कागद काढला. वेशीचं चित्र काढतील म्हणून मी बघत होतो. तर त्या वेशीकडे तोंड करून, आतून बाहेर बघत काढू लागल्या. कमानीच्या चौकटीत दिसणारा रस्ता, काळं रान, गाडी, हबीबभाई. आणि अर्थातच मी. मी पोट आत घेतलं. जरा तिरका उभा राहिलो. हात उजवा, मनगट दुखायचं तेव्हा डावा. ऊन उतरेपर्यंत मी ते पोट आत धरून ठेवलं. तेवढंच माझं योगदान.

निघताना नागम्मा वेशीपर्यंत आली. तिथून पुढे आली नाही. बाई गाडीतून मागे वळून बघत राहिल्या. मीही बघत होतो. आमच्या नव्या गावात निघालेल्या माणसाबरोबर कुठवर जायचं ते ठरत नाही. कुणी दारातूनच हात हलवतं, कुणी बसथांब्यापर्यंत येतं. आई होती तेव्हा ती जुन्या गावाच्या दिशेने चार पावलं चालायची आणि थांबायची, जिथं वेस असायला हवी होती अशी तिची अटकळ असायची तिथं.

लातूर

बाई गेल्या. गौरी पुण्याला गेली. मी पुन्हा हनुवट्या खोडायला बसलो.

काही महिन्यांनी, परवा, त्यांच्याकडून तीन पानं आली. छापलेली नाहीत, नुसती बघायला पाठवलेली. बरोबर दोन ओळी, गौरीने फोनवर वाचून दाखवल्या. हात सावकाश चालतो. एका वेळी थोडंच होतं, पण होतं.

पहिल्या पानावर कमान, आतून. चौकटीत लांब, बोटाएवढी सायो, घंटा घेऊन उभी. दुसऱ्या पानावर एक म्हातारी घरातून निघते, पाठमोरी, हातात तांब्या, लुगड्याचा सोगा उडतोय. तिसऱ्यावर म्हातारी निम्म्या वाटेवर पोचली आहे. तिला घाई आहे आणि पाय दुखतायत, दोन्ही दिसतं. सायोला ती अजून दिसलेली नाही.

एवढंच. हाक अजून निघालेली नाही. मी ती पानं दिवसातून कितीदा उघडतो ते सांगत नाही. पुढचं पान येईल. कदाचित येणारही नाही. मला त्या म्हातारीला मागून ढकलावंसं वाटतं.

सुरेखाला दाखवली. तिने चष्मा लावला, एकेक पान मोठं करून बघितलं. म्हातारी बघितली, मोर मोजले. बाहेर रस्त्यावर घोडा धरून उभा असलेला माणूस हबीबभाई आहे हे ओळखलं. त्याच्या पगडीवर बसलेला पक्षी गौरीसारखा मान वाकडी करतो, हेही तिनेच दाखवलं.

मी न राहवून म्हणालो, "आणि मी? इथं, घोड्याच्या शेजारी उभा होतो मी. ऊन उतरेपर्यंत. बाईंनी माझ्याकडे बघूनच काढलंय सगळं."

घोड्याच्या शेजारी जागा रिकामी होती. साधं गवतही नव्हतं.

सुरेखाने चष्मा काढला, पदराने पुसला आणि फोन माझ्या हातात ठेवला.

"नाही काढलं तेच बरं," ती म्हणाली. "तुम्हाला वाटेवर उभं केलं असतं, तर त्या पोरीने तुम्हालाच गाव विचारलं असतं, आणि गेली असती बिचारी कंधारला."